सगळ्यांची खाज वेगवेगळ्या फायलीत: वृद्धसेवा केंद्रातल्या खरजेच्या साथीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका निवासी वृद्धसेवा केंद्रातलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत. संसर्ग प्रतिबंधाचं काम करणारी परिचारिका म्हणून मला बोलावलं गेलं तेव्हा साथ बरीच पुढे गेली होती. त्यामुळे आधीचा भाग मी नोंदवह्यांतून आणि तिथल्या लोकांच्या सांगण्यावरून जुळवला आहे.

केंद्र दोन मजली आहे. खालच्या मजल्यावर हिंडते-फिरते आजी-आजोबा राहतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं अंघोळीपासून डायपर बदलण्यापर्यंत आणि कुशीवर वळवण्यापासून भरवण्यापर्यंत सगळं मदतनिसांच्या हातून होतं. प्रत्येक पाळीत वर तीन-चार मदतनीस आणि एक सिस्टर असतात.

केंद्र गलथान होतं असा कुणी समज करून घेऊ नये. फरशी लख्ख होती, चादरी वेळेवर बदलल्या जात होत्या, प्रत्येक दाराशी सॅनिटायझर होतं. खरूज म्हटलं की लोकांना घाण आठवते आणि तिथेच पहिली फसगत होते. खरजेचा किडा डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढा दिसेल इतका, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. तो एका कातडीवरून दुसऱ्या कातडीवर जातो, तेही बहुतेक वेळा बराच वेळ अंगाला अंग लागलं तरच. एखाद्याला अंघोळ घालायला, पुसायला, कपडे चढवायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. मायेनं आणि सावकाश केलेल्या सेवेत या किड्याला हवी तेवढी सवड मिळते.

समस्या

रात्रपाळीच्या वहीत पहिली नोंद सापडते ती एका आजोबांची: ‘रात्रभर खाजवत होते, झोप नाही.’ पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खोलीतल्या आजींच्या फायलीत ‘त्वचा कोरडी, लोशन लावले’ असं लिहिलेलं आहे. मग एकांच्या बाबतीत नवीन सुरू केलेल्या गोळीची ॲलर्जी असावी म्हणून गोळी बदलली गेली. आणखी एकांना डायपरमुळे पुरळ आलंय असं ठरलं. प्रत्येक नोंद आपापल्या जागी पटण्यासारखी होती. म्हातारपणी त्वचा कोरडी पडते, औषधांची ॲलर्जी येते, डायपरचं पुरळही होतं. पण चार फायली एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर चारही माणसं एकाच मजल्यावरची, खाज रात्री वाढणारी आणि सगळ्यांना अंघोळ घालणारे हात तेच, हे लगेच दिसलं असतं. फायली तशा ठेवण्याचं काम कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं.

साथीचं मूळ मात्र या चौघांत नव्हतं. ते होतं खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींकडे. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली होती, उजव्या हाताची मूठ आवळलेली असे. काही महिन्यांपूर्वी त्या मोठ्या आजारपणानंतर इथे आल्या, तेव्हाच त्यांच्या हातांवर कोंड्यासारखे पापुद्रे होते. पुढे त्यांच्या जाड खपल्या झाल्या: बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कानामागे. नखं जाड होऊन खालून चुरा पडायचा. सोरायसिस असेल असं समजून स्टेरॉइडचं मलम सुरू झालं. मलमानं लाली कमी झाली आणि खपल्या वाढत गेल्या. त्या खाजवत नव्हत्या, म्हणून खरजेचा संशय कुणालाच आला नाही. खपल्यांच्या खरजेत, म्हणजे किडे बेसुमार वाढून कातडीवर जाड थर चढतो त्या प्रकारात, खाज अगदी कमी किंवा मुळीच नसू शकते आणि स्टेरॉइड खरजेची लक्षणं झाकून टाकतं, ही माहिती त्या मजल्यावर कुणाकडे नव्हती.

मदतनिसांना मात्र काहीतरी कळलं होतं. तिघीचौघींच्या हातांवर आणि कमरेच्या पट्ट्याखाली पुरळ होतं. लांब बाह्यांचे ब्लाउज आणि स्वेटर घालून त्या ते झाकत होत्या. नंतर त्यांतल्या एक ज्येष्ठ मावशी मला म्हणाल्या, ‘सिस्टर, आम्हाला सगळ्यांनाच होत होतं हो. पण सांगितलं की घरी बसवतात, आणि घरी बसलं की त्या दिवसांचा पगार जातो. कोण सांगेल?’ पूर्ण प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे वाक्य.

साथ उघडकीला आली ती बाहेरून. एका मदतनिसाच्या लहान मुलीला बोटांच्या बेचक्यांत फोड आले. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनी खरूज असल्याचं सांगितलं आणि आई काय काम करते ते विचारलं. दुसऱ्या दिवशी ती मदतनीस मुख्य परिचारिकेच्या खोलीत गेली आणि दार लावून घेऊन सगळं बोलली. तिनं हे सांगणं सोपं नव्हतं. त्यानंतर जे काही नीट झालं त्याचं पहिलं श्रेय तिचं आहे.

निदान

त्वचारोगतज्ज्ञ आले. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येकाची त्वचा डोक्यापासून पायापर्यंत पाहिली आणि नंतर मदतनिसांनाही पाहिलं. खिडकीजवळच्या आजींच्या मनगटावरची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर एकाच नमुन्यात किडे, अंडी आणि विष्ठा सगळं दिसलं. खाजवणाऱ्या आजोबांच्या खरवडीत काहीच सापडलं नाही, तरीही डॉक्टरांनी त्यांना खरूजच धरलं. हा निर्णय बरोबर होता. साध्या खरजेत पूर्ण अंगावर मिळून जेमतेम दहा-पंधरा किडे असतात, त्यामुळे खरवडीत ते निसटून जाण्याची शक्यता मोठी असते. खपल्यांच्या खरजेत हजारो, कधी लाखोंच्या घरात किडे असतात. असं एक माणूस मजल्यावर असेल तर थोडक्या स्पर्शानं, चादरीवर पडलेल्या पापुद्र्यानं, खुर्चीच्या गादीवरूनही लागण होऊ शकते.

मग आम्ही अंघोळीची वाट पावलापावलानं तपासली. लोशनची एकच मोठी बरणी गाडीवर ठेवून खोलीखोलीतून फिरत होती, आणि मदतनीस तीत बोटं बुडवून लोशन घेत. माणसाला खाटेवरून व्हीलचेअरवर घेताना वापरायचा कापडी पट्टा सगळ्यांना एकच होता, रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टाही एकच. वापरलेल्या चादरी झटकून गोळा केल्या जात. आणि ग्लोव्हज? ते मदतनिसांच्या हातात सतत असत, पण एका आजींची अंघोळ उरकून दुसऱ्या आजींकडे जाताना बऱ्याचदा तेच. ‘आपल्याला घाण लागू नये म्हणून ग्लोव्हज’ अशी सगळ्यांची समजूत होती. ग्लोव्हज न बदलता पुढच्या माणसाला हात लावला, तर ग्लोव्हज घातलेला हात उघड्या हातापेक्षा काही स्वच्छ ठरत नाही. सॅनिटायझरवरचा भरवसाही इथे अपुरा पडला. अल्कोहोल बहुतेक जंतूंवर उत्तम चालतं, पण खरजेच्या किड्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी साबण-पाण्यानं हात धुवावे लागतात, मनगटं आणि नखांखालची जागा यांसकट.

समोर असलेले पर्याय

बैठकीला व्यवस्थापक, मुख्य परिचारिका, केंद्राचे डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ, दोन मदतनीस आणि मी होतो. मदतनिसांना बैठकीला बोलवावं की नाही यावरच आधी थोडी ओढाताण झाली. कोण कुणाला कशी अंघोळ घालतं हे त्यांच्याशिवाय कुणालाच नीट सांगता आलं नसतं.

ज्यांना खाज आहे त्यांनाच औषध द्यावं, हा पहिला पर्याय. खर्च कमी, त्रास कमी, गवगवाही कमी. पण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्या काळातही तो माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. म्हणजे आज ज्यांना खाज नाही त्यांतले काही जण पुढच्या महिन्याची साथ अंगावर घेऊन बसलेले असणार.

दुसरा पर्याय फक्त वरच्या मजल्याचा होता. ऐकायला तो बरा वाटत होता. पण पाळ्यांचा तक्ता काढला तेव्हा सुट्टीच्या दिवशी वरचे मदतनीस खाली जातात, आणि दुपारच्या भजनाला व्हीलचेअरवाले सगळे खालीच जमतात, हे दिसलं.

तिसरा पर्याय सर्वांचा होता: सगळे निवासी, सगळे कर्मचारी, त्यांच्या घरची माणसं, आणि नेहमी भेटायला येऊन हात धरून बसणारे नातेवाईक, या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं आणि सात दिवसांनी पुन्हा घ्यायचं. दुसरी वेळ यासाठी की पहिल्या वेळी अंड्यात असल्यामुळे वाचलेले किडे दुसऱ्या वेळी सापडावेत.

व्यवस्थापकांना आणखी एक गोष्ट हवी होती: पूर्ण इमारतीत कीटकनाशकाची फवारणी. त्यांची घालमेल समजण्यासारखी होती, काहीतरी मोठं आणि दिसेल असं केल्याचं समाधान त्यांना हवं होतं. पण माणसाच्या अंगापासून सुटलेला खरजेचा किडा दोन-तीन दिवसांत मरतो. फवारणीची गरज नव्हती, आणि श्वासाचे आजार असलेल्या म्हाताऱ्यांमध्ये ती करणं धोक्याचं होतं. फवारणीचे पैसे वाचवून ते मदतनिसांच्या घरच्यांच्या औषधाला वापरावेत असं मी सुचवलं, आणि त्यांनी ते मान्य केलं.

औषध कोणतं यावर डॉक्टरांमध्ये चर्चा झाली. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या द्यायला सोप्या, पण एक मदतनीस गरोदर होती आणि काही निवाशांची औषधांची यादी लांबलचक होती. म्हणून बहुतेकांसाठी ५ टक्के पर्मेथ्रिनचं मलम ठरलं. ते गरोदरपणातही वापरता येतं. खिडकीजवळच्या आजींना मलम आणि आयव्हरमेक्टिन दोन्ही ठरलं: गोळी १, २, ८, ९ आणि १५ व्या दिवशी, वजनानुसार, आणि सोबत खपल्या मऊ करणारं मलम.

निर्णयातला अवघड भाग

तिसरा पर्याय निवडायचा म्हणजे सगळ्यांना सांगायचं. नातेवाइकांना ‘त्वचेचा किरकोळ संसर्ग’ एवढंच कळवावं, असा मसुदा आधी तयार झाला होता. मुख्य परिचारिकेनं तो फाडला. नातेवाइकांना खरं नाव कळलं नाही तर ते आपल्या घरी उपचार करणार नाहीत, मग दर रविवारी साथ परत आत येईल, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी पत्रात खरूज हा शब्द पहिल्याच ओळीत आला. त्याखाली, हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही, यावर खात्रीचं औषध आहे आणि तुम्ही नेमकं काय करायचं, हे लिहिलं.

एका आजोबांच्या मुलानं औषधाला नकार दिला. ‘बाबांना खाज नाही, मग मलम कशाला? उगाच त्यांची कातडी खराब करता.’ मुख्य परिचारिकेनं त्यांना चार ते सहा आठवड्यांचं गणित शांतपणे समजावलं, आणि आजोबांनाही विचारलं. त्यांची समज चांगली होती. ते मुलाला म्हणाले, ‘अरे, मला लावू दे की. शेजारच्या खोलीत सगळे खाजवतायत, मी एकटाच काय वेगळा?’ मुलाचा राग गेला नाही, पण संमती मिळाली.

पगाराचा निर्णय त्याच बैठकीत झाला. उपचारासाठी घरी थांबावं लागलं तरी कुणाचा पगार कापला जाणार नाही, हे व्यवस्थापकांनी लेखी दिलं. त्याच संध्याकाळी आणखी पाच जणांनी आपलं पुरळ दाखवलं.

उपचाराची रात्र

मलम आठ ते चौदा तास अंगावर राहायला हवं, म्हणून ते संध्याकाळी लावून सकाळी अंघोळ घालायची असं ठरलं. पाळीवर जादा माणसं बोलावली. आधी मदतनिसांनी स्वतःचा उपचार केला, म्हणजे त्यांच्याकडूनच परत लागण व्हायला नको.

हे काम वरवर दिसतं तितकं साधं नाही. सगळ्यांची नखं आधी बारीक कापली. अंग कोरडं आणि थंड असताना मलम लावायचं, गरम अंघोळीनंतर लगेच नाही. तरुण माणसाला मानेखाली लावलं तरी बहुतेक वेळा चालतं, पण वयस्कांमध्ये टाळू, कपाळ, कानांमागची जागा, मान हे सगळं धरावं लागतं, फक्त डोळे आणि तोंड सोडून. नखांखाली मऊ ब्रशनं. बेंबी, काखा, स्तनांखालची घडी, जांघा, पायांच्या बोटांमधली जागा.

खिडकीजवळच्या आजींची आवळलेली मूठ हा त्या रात्रीचा सर्वांत नाजूक भाग होता. ज्येष्ठ मावशी त्यांच्याजवळ बसल्या. कोमट पाण्यात भिजवलेला रुमाल त्यांनी मुठीभोवती गुंडाळून ठेवला आणि मनगट थोडं आत वाकवलं, त्यानं बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठ्यापासून एकेक बोट उलगडलं. तळहातात खपल्यांचा थर होता आणि त्याखाली नखं रुतून झालेली जखम. मूठ आवळलेली असते म्हणून ती उघडून धुणं कित्येक दिवस राहून गेलं होतं. मावशी प्रत्येक बोटापाशी ‘आता हे करते हं आजी’ असं सांगत होत्या. आजींनी हात मागे ओढला नाही.

लक्षात न येणारी एक गोष्ट: जेवणाआधी हात धुतले, किंवा रात्री डायपर बदलला, तर त्या जागेचं मलम निघून जातं. ते परत लावलं नाही तर तेवढाच भाग उपचाराविना राहतो. हे लिहून प्रत्येक खाटेच्या डोक्याशी लावलं होतं.

सकाळी अंघोळ, धुतलेले कपडे, नव्या चादरी. वापरलेले कपडे आणि चादरी न झटकता पिशवीत भरून ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्या. जे धुता येत नव्हतं, म्हणजे चपला, उशा, एका आजींची कापडी बाहुली, ते पिशव्यांत आठवडाभर बांधून ठेवलं. एरवी तीन दिवस पुरतात, पण इथे खपल्यांची खरूज असल्यामुळे मुदत वाढवली. बाहुली देताना त्या आजी फार रडल्या. ती धुण्याच्या यंत्रात टाकता आली असती की नाही हे आधी पाहायला हवं होतं असं मला वाटतं.

पुढचे आठवडे

बाकीच्यांना वेगळं ठेवणं दुसऱ्या दिवशी थांबलं. खिडकीजवळच्या आजींना मात्र खरवडीत किडे दिसणं थांबेपर्यंत स्वतंत्र खोलीत ठेवावं लागलं. त्यांच्यासाठी प्रत्येक पाळीला एकच ठरलेली मदतनीस, लांब बाह्यांचा गाऊन, ग्लोव्हज, स्वतःचा पट्टा, स्वतःचं रक्तदाबाचं यंत्र. लेकीला भेटायला मनाई करावी असं कुणीतरी सुचवलं. आम्ही तिला गाऊन आणि ग्लोव्हज कसे घालायचे ते शिकवलं आणि येऊ दिलं. बोलता न येणाऱ्या माणसाला ओळखीचा चेहराही मिळू नये, एवढी कडक खबरदारी घ्यायची या प्रकरणात गरज नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात घबराट झाली, कारण अनेकांची खाज थांबली नव्हती. एका रात्री कुणीतरी एका आजोबांना न विचारता तिसऱ्यांदा मलम लावलं आणि त्यांची कातडी लालबुंद झाली. किडे मेल्यावरही त्यांच्या अवशेषांमुळे खाज दोन ते चार आठवडे राहते. हे आधीच सांगून ठेवायला हवं होतं. तेव्हापासून ‘खाज आहे का’ याऐवजी ‘नवीन पुरळ आहे का’ एवढीच नोंद ठेवली.

पाचव्या आठवड्यात खरोखरच नवीन पुरळ आलं, वरच्या मजल्यावरच्या एका आजींना. शोध घेतला तेव्हा रात्रपाळीला अधूनमधून येणारी बदली मदतनीस सापडली. ती केंद्राच्या पटावर नव्हती, म्हणून उपचाराच्या यादीतही नव्हती. तिला, तिच्या घरच्यांना आणि तिनं सांभाळलेल्या सगळ्यांना पुन्हा औषध दिलं. त्यानंतर सहा आठवडे नवीन पुरळ न दिसल्यावर डॉक्टरांनी साथ संपल्याचं लिहिलं. खिडकीजवळच्या आजींचे हात स्वच्छ झाले, तळहाताची जखम भरली. मूठ आता रोज उघडून धुतली आणि कोरडी केली जाते, मध्ये मऊ कापडाची गुंडाळी ठेवतात.

काय वेगळं करता आलं असतं

नवीन माणूस दाखल होतं त्या दिवशी पूर्ण त्वचा पाहून नोंदवली असती, तर आजींच्या हातांवरचे पापुद्रे पहिल्याच आठवड्यात तज्ज्ञांपर्यंत गेले असते. निदान न करता सुरू केलेलं स्टेरॉइड हा माझ्या मते सर्वांत महागात पडलेला निर्णय. एका साध्या खरवडीनं तो टळला असता.

आता केंद्रात अंघोळीच्या वहीत माणसाच्या आकृतीचं चित्र आहे. मदतनीस पुरळ दिसलेल्या जागी पेन्सिलीनं खूण करतात, त्यासाठी लिहिता-वाचता येण्याची गरज पडत नाही. सोमवारी सिस्टर सगळी पानं एकत्र पाहतात आणि एकाच मजल्यावर दोघांना खाज दिसली की डॉक्टरांना कळवतात. प्रत्येकाची लोशनची बाटली वेगळी, झाकण दाबून लोशन बाहेर येणारी. ग्लोव्हज माणसागणिक बदलायचे, आणि एकाच माणसाच्या बाबतीतही डायपरनंतर चेहऱ्याकडे वळण्याआधी बदलायचे. काढल्यावर हात धुवायचेच. पुसताना चेहऱ्यापासून सुरुवात आणि गुप्तांग शेवटी, तिथलं कापड वेगळं.

बदली माणसांची नावं आता पाळीच्या तक्त्यात नोंदली जातात. पगार न कापण्याचा नियम मात्र अजून पटावरच्या कर्मचाऱ्यांपुरताच आहे. बदली मदतनिसांना तो लागू करावा असं मी लेखी कळवलं आहे, व्यवस्थापनानं पुढच्या बैठकीत विषय घेतला आहे. तो निर्णय होईपर्यंत वरच्या मजल्यावर पुन्हा कुणीतरी लांब बाह्यांचा स्वेटर घालून येण्याची शक्यता आहे, आणि मुख्य परिचारिका दर पाळीच्या सुरुवातीला बदली मदतनिसांना बाजूला घेऊन स्वतः विचारते.